बाथरूमच्या डिझाइन टाईल्सचे सांधे परत परत पांढरे होतायत? ग्राउट बदलायच्या आधी हे बघा

तक्रार एकच आहे, खरं ती वेगवेगळ्या तोंडानं येते. बाथरूम तोडून नवीन केलं, मोरबीच्या फुलाफुलांच्या टाईल्स बसवल्या, वर एक हायलायटरची म्हणजे उठून दिसणाऱ्या नक्षीच्या टाईलची पट्टी, पहिले काही महिने सगळं झकास. मग खालच्या दोन-तीन ओळींच्या सांध्यातून पांढरं पीठ यायला लागतंय. फडक्यानं पुसलं की जातंय, आठवड्यात परत हजर. मग गवंडी मामांना बोलावतात, मामा सांधे खरवडून नवीन ग्राउट, म्हणजे टाईलमधल्या फटीत भरायचा सिमेंटचा माल, भरतात, थोडे दिवस बरं वाटतं आणि परत तेच, आणि आता तर एखादी टाईल वाजवली की भद्द आवाज पण येतोय. काही घरात पांढऱ्याच्या जागी काळं होतंय, काही घरात बाथरूम ठीक दिसतंय आणि पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीचा रंग फुगतोय. आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीचा फ्लॅट असो, शहापूरच्या गल्लीतलं जुनं घर असो नाहीतर खानापूर साईडचं चिऱ्याचं घर असो, हे सगळीकडं बघितलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्राउट बिचारं निर्दोष असतंय. टाईलच्या मागं पाणी साठलंय आणि ते जिथनं वाट मिळेल तिथनं बाहेर येतंय, ते ग्राउटमधनं दिसतं म्हणून शिव्या ग्राउटला. पाणी मागं कुठनं जातंय ते सापडत नाही तोपर्यंत सांध्यावर एक रुपया घालू नका, एपॉक्सीवर, म्हणजे रेझिनच्या महागड्या ग्राउटवर, तर मुळीच नको, का ते खाली सांगतो.

पहिलं, ते पांढरं नेमकं काय आहे ते बघा. दोन प्रकार असतात आणि लोक दोन्हीला खारच म्हणतात. एक म्हणजे बोअरच्या जड पाण्याचा थर. हा टाईलच्या तोंडावर असतो, नळाच्या खाली, शॉवरचं पाणी उडतं तिथं, बादली ठेवतो त्या कोपऱ्यात, आणि नळावर पण तसलाच थर दिसतो. हा नुसता वरचा मळ आहे, मागं काही बिघडलेलं नाही. वापर झाला की वायपरनं पाणी ओढून घ्या, एवढंच पथ्य. दुसरा प्रकार सांध्यातनं फुलून येतो, पिठासारखा नाहीतर बारीक केसासारखा, आणि मजा म्हणजे जिथं पाणी उडत नाही अशा कोरड्या जागी पण येतो, दाराच्या मागं, कमोडच्या पाठीमागं. हा खरा खार. सिमेंटमधला चुना मागच्या पाण्यात विरघळतो, पाण्याबरोबर सांध्यातनं बाहेर येतो आणि हवा लागली की घट्ट पांढरा होऊन बसतो. वाळूतले आणि पाण्यातले क्षार पण असेच चालत येतात, ते मात्र ओल्या फडक्यानं लगेच जातात. म्हणून पुसून जातंय म्हणजे किरकोळ आहे असं धरू नका, उलट रोज नवीन येतंय म्हणजे मागं पाणी रोज चालू आहे.

आता अ‍ॅसिडबद्दल, कारण अर्ध्या घरांत बिघाड इथंच वाढतोय. पांढरं दिसलं की संडासचं अ‍ॅसिड ओतायचं, फसफसलं की बरं वाटतं, निघालं बघा सगळं. अहो ते फसफसतंय त्यात तुमचं सिमेंटचं ग्राउट पण आहे. अ‍ॅसिड चुना खातं आणि ग्राउटमधे चुनाच असतो. दर रविवारी अ‍ॅसिड मारलं की वर्षाच्या आत सांधा खोल जातो, मग त्यातनं अजून पाणी मागं जातं, मग अजून खार, मग अजून अ‍ॅसिड. हे चक्र आधी थांबवा. साधं फरशी पुसायचं लिक्विड आणि मऊ ब्रश पुरे. आणि अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच करू नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममधे तो जिवावर येतो.

पाणी कुठलं हे शोधायला सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे कॅलेंडर. जून ते सप्टेंबरमधेच वाढतंय आणि उन्हाळ्यात आपोआप वाळतंय, तर बाथरूमचा काही संबंध नाही, बाहेरच्या भिंतीतनं पाऊस आत येतोय. आपल्याकडं पाऊस आडवा मारतो, पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती बघा, गिलाव्याला बारीक चिरा असतात, खिडकीच्या छज्जावर पाणी थांबतं. जांभ्या दगडाची भिंत असली तर ती पाणी पितेच, बाहेरनं गिलावा आणि चांगला रंग नसेल तर आत कितीही भारी टाईल लावा, ओल येणारच. बाराही महिने सारखं असेल तर पाणी घरातलं. आणि गणपतीला नाहीतर लग्नाला पाव्हणे आल्यावर, सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर वाढत असेल तर वापराचं पाणी मागं जातंय.

तळमजल्याची जुनी घरं वेगळी. तिथं जोत्याला ओल अडवायचा थर घातलेलाच नसतो, जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि साधारण कमरेच्या आसपास येऊन थांबते, आडवी डागाची रेघ दिसते. ही रेघ बाथरूममधेच नाही, शेजारच्या सोप्याच्या म्हणजे पुढच्या खोलीच्या भिंतीला पण त्याच उंचीवर असेल तर ते जमिनीतनं आलंय, त्याला टाईलवाला काही करू शकत नाही. जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग भागात नदीकाठची आणि कॅनॉलची जमीन काही ठिकाणी खारवट आहे, तिथं तर ओलीबरोबर क्षार पण फुकट चढतात.

घरातलं पाणी आहे असं ठरलं की पुढं एक साधी परीक्षा. घरात दुसरं बाथरूम असेल तर हे वापरायचं बंद करा, आंघोळ बंद, धुणं बंद, खरं व्हॉल्व्ह चालूच ठेवा म्हणजे पाइपमधे पाणी भरलेलं राहील. सांधे हळूहळू वाळत गेले तर पाइप चांगला आहे, वापराचं पाणी जात होतं. वाळतच नसतील तर आता त्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करा. आता वाळले तर भिंतीतल्या पाइपला नाहीतर जॉइंटला गळती आहे, प्लंबर बोलावून प्रेशर टेस्ट करून घ्या, म्हणजे पाइपमधे दाबानं पाणी भरून गळतंय का ते बघायचं. घाई करू नका, बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात, ते एकदा भिजले की लई दिवस पाणी धरून ठेवतात, दोन दिवसात निकाल मागू नका.

नळाची टोपी काढून बघा

हे मी मुद्दाम वेगळं सांगतोय, कारण एवढ्या बारीक जागेकडं कोण बघतच नाही. शॉवरचा डायव्हर्टर म्हणजे पाणी शॉवरकडं नाहीतर नळाकडं वळवायची मूठ, स्पाऊट म्हणजे त्याच्या खालची तोटी, साधा नळ, यांच्या मुळाशी चकचकीत गोल टोपी असते, फ्लँज म्हणतात. ती हातानं फिरवून पुढं ओढा, मागं बघा. नव्वद टक्के ठिकाणी, हा आपला माझा अंदाज, टाईलला कटरनं वेडंवाकडं भोक पाडलेलं दिसेल, पाइपच्या भोवती बोट जाईल एवढी फट, आत उघडा गिलावा, कधी कधी ओला काळा. अंगावरचं पाणी भिंतीवरनं ओघळतं, टोपीच्या वरच्या काठानं आत शिरतं आणि थेट टाईलच्या मागं. त्यात भिंतीच्या छापील डिझाइन टाईल्स म्हणजे सिरॅमिक, त्यांचं अंग वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पितं, तोंडावरच तेवढी काच, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, असते. कापलेला काठ उघडा राहिला की टाईल तिथनं पाणी ओढते. डिझाइनच्या रंगाखाली सावलीसारखा गडद डाग दिसतो ना, हलक्या रंगाच्या टाईलवर, तो हाच.

उपाय हजारात नाही, शेकड्यात आहे. नळ काढा, टोपी काढा, आठवडाभर उघडं ठेवून वाळू द्या, मग पाइप आणि टाईलच्या काठामधली फट बाथरूमच्या सिलिकॉननं नीट भरा, बुरशी न धरणारं म्हणून मागा. टोपी परत बसवताना वरनं आणि दोन्ही बाजूनं सिलिकॉनची बारीक रेघ मारा, खालचा भाग मुद्दाम मोकळा सोडा, चुकून आत गेलंच तर पाणी खालनं बाहेर पडेल आणि तुम्हाला दिसेल पण. सगळीकडनं बंद केलं तर ते आतच कुजत बसतंय. भिंतीत साबण-शॅम्पू ठेवायला कोनाडा केला असेल आणि त्यात ग्लास मोझेक लावलं असेल तर त्याचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता आहे का बघा. सपाट कोनाड्यात पाणी थांबतं, आणि मोझेकला तर बोटाबोटावर सांधा.

मग फरशी. जाळी काढा, नहाणी ट्रॅपच्या म्हणजे जाळीखालच्या पाणी जायच्या भांड्याच्या तोंडात प्लास्टिकमधे गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, दाराला सिमेंटचा नाहीतर मातीचा छोटा बांध घाला, इंचभर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलनं खूण करा आणि ४८ तास ठेवा. शेजारी एका पातेल्यात पाणी ठेवून त्यावर पण खूण करा, पातेल्यातलं जेवढं कमी होतंय तेवढं हवेनं गेलं, फरशीवरचं त्याहून जास्त उतरलं तर खाली जातंय. वरच्या मजल्याचं बाथरूम असेल तर खालच्या घरात आधी सांगून ठेवा आणि त्यांच्या छताला डाग येतोय का विचारा, नाहीतर उगाच भांडण. पाणी सोडल्यावर ते जातंय कसं तेही बघा. ढाळ मीटरला निदान १० एमएम पाहिजे. जुन्या टाईलवरच नवीन टाईल चिकटवलेल्या बाथरूममधे हमखास गडबड असते, फरशीची उंची वाढते, जाळी खड्ड्यात नाहीतर उंचवट्यावर येते आणि ढाळ दाराकडं होतो.

आता गवंड्यांचा भाग, आणि त्यात आपलाही. एका साईटवरचा संवाद जसाच्या तसा सांगतो. "वैनी, दोन एमएमची रेघ राहणार बघा मधी." "नको ओ मामा, डिझाइन तुटतंय, चिकटवूनच लावा." मामांनी लावलं चिकटवून. चार टाईल मिळून एक फूल होतं ते एकसंध दिसायला पाहिजे म्हणून टाईलला टाईल भिडवली की त्या केसाएवढ्या फटीत ग्राउट आत जातच नाही, वरनं नुसतं पुसल्यासारखं राहतं आणि महिन्याभरात धुऊन जातं. फट बंद दिसते, पाणी मात्र आत जातं. दोन-तीन एमएमचा स्पेसर, म्हणजे दोन टाईलमधे सारखी फट ठेवायचा प्लास्टिकचा तुकडा, घाला आणि टाईलच्या रंगाचं ग्राउट निवडा, चार फुटांवरनं रेघ कळत पण नाही. गुळगुळीत कापलेल्या काठाच्या टाईल्सना पण स्पेसर लागतोच, दुकानदार जॉइंटलेस म्हणून विकतो तरी.

दुसरी गोष्ट पोकळ आवाजाची. भिंतीच्या मोठ्या टाईलला मागनं पाच ठिकाणी मालाचे गोळे लावायचे आणि ठोकून बसवायची ही जुनी पद्धत. पटकन लेव्हल मिळते, माल कमी लागतो. खरं गोळ्यांच्या मधे सगळी पोकळी, आत गेलेलं पाणी त्या पोकळीतनं खाली उतरून खालच्या ओळीमागं साठतं. म्हणून खार नेहमी खालच्या दोन-तीन ओळींनाच येतो. पाच रुपयाचं नाणं घ्या आणि एकेक टाईल वाजवत जा, मधे आणि चारी कोपऱ्यात, जिथं भद्द वाजेल तिथं खडूनं खूण. खुणा विखुरलेल्या असतील तर तेवढ्याच टाईल काढून बसवता येतात. खालच्या ओळी सलग भद्द असतील तर तेवढा पट्टा काढायचाच, इंजेक्शन देऊन भरणं वगैरे लोक सांगतात, भिजलेल्या मालात त्यावर माझा विश्वास नाही.

व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, टाईल असेल तर अजून एक अडचण. ती अर्धा टक्का पण पाणी पीत नाही, म्हणजे सिमेंटचा घोळ तिला धरणार कुठं? तिला अ‍ॅडेसिव्हच, म्हणजे पिशवीतला तयार चिकटवायचा मालच, पाहिजे. पिशवीवर आयएस १५४७७, म्हणजे टाईल अ‍ॅडेसिव्हचं भारतीय मानक, लिहिलंय का बघा आणि टाइप कुठला ते विचारा, सगळ्यात साधा टाइप १ सिरॅमिकला ठीक, व्हिट्रिफाइडला त्याच्या वरचा घ्या. दाते असलेल्या पत्र्याच्या पट्टीनं ते भिंतीवर पूर्ण ओढून घ्यायचं, गोळे नाहीत. टाईलच्या पाठीवर पांढरी भुकटी असते ती ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची, ती राहिली तर अ‍ॅडेसिव्ह भुकटीला चिकटतं, टाईलला नाही. सिमेंटच्या मालानं बसवायच्या सिरॅमिक टाईल्स आधी पाण्यात भिजवायच्या असतात, आणि हे सगळं उलटं करणारे पण बघितलेत, सिरॅमिक कोरडी आणि व्हिट्रिफाइड रात्रभर हौदात.

खरं सगळ्यात जास्त बाथरूमं बिघडतात ती कामाच्या क्रमामुळं. वॉटरप्रूफिंगवाला येऊन दोन हात मारून जातो, छान निळं नाहीतर करडं दिसतंय, फोटो पण काढतात. दुसऱ्या दिवशी प्लंबर येतो, "कमोडचा पाइप दोन इंच सरकवायला पाहिजे" म्हणतो आणि छिन्नी घेतो. तो तुकडा परत साध्या सिमेंटनं बुजवला जातो, वॉटरप्रूफिंगवाल्याला कळत पण नाही, आणि वर टाईल बसली की संपलं. त्यामुळं आधी सगळं प्लंबिंग संपवा, प्रेशर टेस्ट करा, कमोड कुठला घेणार आणि त्याचं माप काय हे तोडफोडीच्या आधीच ठरवा. मग फरशी आणि भिंत मिळते त्या कोपऱ्याला सिमेंटचा गोलसर वाटा करायचा, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा, पाइप जिथं जिथं बाहेर येतात तिथं जास्तीचा. भिंतीवर सगळीकडं फूटभर आणि शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वरपर्यंत. मग टाईल लावायच्या आधी ४८ तास पाणी भरून बघा. घरातलं लग्न पंधरा दिवसांवर आलंय म्हणून ही पायरी गाळली जाते, पाव्हण्यांना टाईल दिसते, पाणी भरलेलं दिसत नाही. आणि टाईल बसल्या बसल्या दुसऱ्या दिवशी ग्राउट भरू नका, मालातलं पाणी आत कोंडतं आणि पहिला खार त्याचाच येतो. तसा पहिला खार एकदा येऊन थांबत असेल तर घाबरायचं कारण नाही, येतच राहिला तर बघायचं.

माल कालवायला कुठलं पाणी वापरतात तेही बघा. टँकरचं नाहीतर मचूळ बोअरचं पाणी म्हणजे क्षार आपणच घालून ठेवतोय. पिण्याजोगं पाणी असलं की काळजी नाही.

आता एपॉक्सी. वस्तू चांगली आहे, पाणी पीत नाही, डाग धरत नाही, अ‍ॅसिडला पण दाद देत नाही, साध्या ग्राउटपेक्षा कितीतरी महाग पडते तरी शॉवरखाली घालावी अशी. खरं ती कोरड्या भिंतीवर. मागं पाणी असताना सगळे सांधे एपॉक्सीनं बंद केले तर बाथरूममधला खार थांबतो, हे खरंय, आणि पावसाळा संपायच्या आत बेडरूमची भिंत फुगते, नाहीतर दाराची चौकट खालनं कुजते, कारण पाण्याला दुसरी वाट शोधावी लागते. गळती बंद, मग वाळवण, मग एपॉक्सी. वाळलंय की नाही हे बघायला खरवडलेल्या सांध्यावर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूनं टेपनं चिकटवा आणि दोन दिवस ठेवा, आतल्या बाजूला थेंब दिसले तर अजून थांबा.

ज्यांनी हौसेनं सिमेंटच्या रंगीत नक्षीच्या टाईल्स घेतल्यात, जुन्या घरात सोप्याला असायच्या तसल्या नाहीतर चेट्टिनाडच्या अथंगुडी, त्यांना वेगळा नियम. या भट्टीत भाजलेल्या नसतात, वर काच नसते, पाणी आणि तेल दोन्ही पितात, आणि अ‍ॅसिडचा एक थेंब पडला की रंग उडून खरबरीत डाग कायमचा. त्यांच्यावर खार आला तर नुसता कोरडा ब्रश, मग ओलं फडकं, पूर्ण वाळल्यावर सीलर म्हणजे पाणी न मुरू देणारा द्रव, आणि सीलर अधूनमधून परत मारावं लागतं. शॉवरच्या खाली त्या लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, बेसिनच्या भिंतीला लावा, तिथं शोभतात पण आणि टिकतात पण.

आणि दुरुस्ती करायची वेळ आली की सगळे ज्याला अडतात ते म्हणजे टाईल मिळत नाही. डिझाइन वर्ष-दोन वर्षात बंद होतं, चालू असलं तरी दुसऱ्या लॉटचा रंग पाव शेड वेगळा येतो आणि एक वेगळं फूल सगळ्या भिंतीत उठून दिसतं. नवीन काम करत असाल तर भिंतीच्या डिझाइनची एक पेटी आणि फरशीची एक पेटी जास्तीची घ्या, पेटीवरचा बॅच नंबर आणि शेडचा फोटो मोबाइलमधे ठेवा आणि पेट्या माळ्यावर उभ्या ठेवा, आडव्या रचून वर ट्रंक ठेवू नका. जुनं काम असेल आणि टाईल शिल्लक नसेल तर काढायच्या पट्ट्यात तसलीच शोधत बाजारात, खडेबाजारभर, फिरू नका, खालच्या दोन ओळी सगळ्याच काढून साध्या एका रंगाच्या लावा, बॉर्डर म्हणून मुद्दाम केल्यासारखी दिसते.